मागच्या चाकाची पिन

घराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो. मग चार पायऱ्या उतरतो, परत वर जातो आणि चौथ्यांदा ओढतो. बायको खाली बोळात उभी राहून विचारते, "झालं का कुलूप उपटून?" तिचंही बरोबर आहे. पण मी बावीस वर्षं मोटारसायकलच्या कंपनीत शेवटच्या तपासणीला उभा राहिलेला माणूस. गाडी लाइनवरून उतरायच्या आधी तिच्यात काही राहिलं तर नाही ना, एवढंच बघायचं काम. नट आहे का, वॉशर आहे का, क्लिप नीट बसली का. एका गाडीला दीड मिनिट. कंपनीने पुढे स्वेच्छानिवृत्ती देऊन मला घरी पाठवलं, पण हाताला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर अशा माणसाच्या पोरीला चाकणला नोकरी लागली. डिप्लोमा झालेली, हुशार पोर. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "पप्पा, मला मोटारसायकल घ्यायचीय."

मी कप खाली ठेवला.

आम्ही दापोडीला राहतो. तिच्या कंपनीची बस आमच्याकडे येत नव्हती. सकाळी सातची शिफ्ट, दोन गाड्या बदलून पोचायचं तर पोरीने साडेचारला घर सोडायला हवं. स्कूटी घे म्हणालो, तर म्हणे, "त्या खड्ड्यांतून बारक्या चाकांवर जाऊ? मोठं चाक बरं असतं, हे तुम्हीच सांगितलंय ना?" सांगितलं होतं. शिकवलंही मीच होतं, आणि खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय?

मला भीती वाटत होती. उगाच शहाणपणा दाखवत नाही, सरळ सांगतो. तो रस्ता मी कंपनीच्या बसच्या खिडकीतून बावीस वर्षं बघितलाय. मोशीच्या पुढे दोन्ही बाजूंनी कंटेनर, आणि मधल्या फटीतून टिफिन पाठीला लावलेली पोरं. रस्त्याच्या कडेला एखादी गाडी आडवी पडलेली दिसली की बसमधले सगळे त्या बाजूच्या खिडकीला यायचे. मी डोळे मिटून बसायचो. न जाणो, आपल्याच लाइनची असली तर?

नवी गाडी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली घ्यायचं ठरलं. मी एका कागदावर यादी केली. पाठपोट भरलेली, बारीक अक्षरात. वापरलेल्या गाडीत काय बिघडलंय ते मेकॅनिक आवाजावरून सांगतो. पण जे मुळात नाहीच, ते आवाज कसा करणार? मधल्या काळात चार मेकॅनिकांनी गाडी खोललेली असते आणि दर वेळी एखादा वॉशर, एखादं रबर, एखादी पिन त्यांच्या डब्यात राहिलेली असते. मला तेच शोधायचं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या लाइनवर तपासलेल्या नटावर रंगाची रेघ मारायची पद्धत होती. नटावरून सुरू होऊन खालच्या पट्टीवर उतरणारी एकच रेघ. पुढे कधी नट हलला की रेघ तुटते आणि लगेच समजतं. आम्हा तिघा तपासणाऱ्यांना तीन रंग दिलेले होते, पिवळा, पांढरा आणि हिरवा. हिरवा माझा. बारीक ब्रशने मारायची ती रेघ, आणि ब्रश उचलताना माझा हात जरा उजवीकडे वळायचा, त्यामुळे शेवटी शेपटी यायची. सुपरवायझर चिडवायचा, "नट तपासतोस का सही करतोस?" मी म्हणायचो, सहीच समजा.

घरात 'हिरवं' हा शब्दच रुळून गेला. गॅस बंद केला का? हिरवं. हॉल तिकीट घेतलं का? हिरवं. पोरगी लहानपणी दप्तर भरून माझ्यासमोर उभी राहायची आणि मी "हिरवं" म्हटल्याशिवाय शाळेला निघायची नाही.

आणि लाइनवर मी फार कडक होतो. नव्या पोरांना एकच वाक्य ऐकवायचो, "ही गाडी तुझ्या घरचं माणूस चालवणार आहे, असं समजून हात फिरव." एकदा एका जोडीदाराकडून साधी क्लिप राहिली, तर त्याला सगळ्या लाइनसमोर असा झापला की बिचारा त्या दिवशी कँटीनमध्ये जेवायलाच आला नाही. मला तेव्हा वाईट वगैरे काही वाटलं नव्हतं.

पहिली गाडी भोसरीत बघितली. चेनकव्हरचे दोन स्क्रू गायब, बॅटरीचा पट्टा गायब, आणि मालक म्हणतो, "काका, त्याशिवाय पण चालते की." चालते! दुसरी माण गावात, एका आयटीवाल्याची. दिवे लावून नवरीसारखी सजवलेली, पण सायलेन्सरच्या पोटातली जाळीच काढून टाकलेली. का, तर आवाज भारी येतो. तिसऱ्या गाडीचं तर मी नावच घेत नाही. प्रत्येक वेळी मी मान हलवायचो आणि पोरगी माझ्याकडे बघून श्वास सोडायची.

"पप्पा, सोमवारी जॉइनिंग आहे," ती म्हणाली. "तुम्हाला गाडी घ्यायचीय का नाही घ्यायचीय, ते एकदा सांगून टाका."

मला ती घ्यायची नव्हती. पण हे तिला कसं सांगणार? शनिवारी सकाळी आम्ही राजगुरुनगरला निघालो.

गाडीचा मालक दुधाचा धंदा करणारा होता. गावाच्या कडेला घर, समोर गोठा, चार म्हशी. वयाने माझ्याहून लहान, पण बोलणं ऐसपैस. मी आल्या आल्याच गुडघ्यावर बसलो तसा हसला. "आवं भाऊ, आधी पानी तर प्या. गाडी काय कुटं पळून जात न्हाई."

गाडी सात वर्षांची. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅनसाठी लोखंडी कड्या लावलेल्या. मी यादी काढली आणि सुरू झालो. किकचं रबर नाही. पुढच्या नंबरप्लेटला एक स्क्रू आणि एक तार. टूलकिटच्या जागी वासराच्या औषधाची बाटली.

"साडीगार्ड कुठाय?"

"हाय की. कॅन बसंना म्हून काडला." त्याने गोठ्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. साडीगार्ड भिंतीला टांगलेला होता आणि त्यावर घोसाळ्याचा वेल चढलेला. "दिऊ ना काडून. घोसाळी बी दिऊ." पोरगी खुदकन हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

गाडी आमच्या कंपनीची आहे हे लांबूनच दिसत होतं. मग इंजिनखाली फडकं फिरवलं आणि बोल्टवर काहीतरी चमकलं. परत पुसलं. हिरवी रेघ! आणि रेघेच्या शेवटी उजवीकडे वळलेली शेपटी.

आता काय सांगू? सासरी गेलेली लेक अचानक बाजारात भेटावी तसं झालं मला. "अगं, इकडे ये!" मी ओरडलोच. "ही माझ्या हाताखालून गेलेली गाडी आहे!" पोरगीही वाकून बघायला लागली. मी भराभरा फडकं मारत सुटलो. इथे हिरवं, तिथे हिरवं. सात वर्षं दूध वाहिलंय या गाडीने, पाऊसपाणी खाल्लंय, पण माझी रेघ कुठेच तुटलेली नाही. म्हणजे नट जागचा हललेला नाही. मालकाला सांगितलं तर तोही खूश झाला. "मंग तर घरचीच गाडी म्हना की राव!" बायकोला हाक मारून त्याने चहा टाकायला सांगितला.

इतक्या दिवसांची भीती एकदम उतरली. पोरगी माझ्याच तपासलेल्या गाडीवरून जाणार. याहून आणखी काय हवं होतं? आणि तिथेच मी घाण केली. जिथे हिरवं दिसलं तिथे मी पुढे हात फिरवलाच नाही. फडकं, रेघ, कागदावर टिक. फडकं, रेघ, टिक. लाइनवर कुणी असं केलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढला असता.

चहा आला. मी ओट्यावर बसलो आणि इसार द्यायला खिशात हात घातला. पोरगी अजून गाडीपाशीच होती. माझी यादी हातात घेऊन एकेका ओळीवर बोट ठेवत, खाली वाकत, परत उठत. मला कौतुक वाटलं. शिकवलेलं वाया गेलं नाही म्हटलं.

"पप्पा," तिने हाक मारली, "टॉर्क रॉडची पिन."

मागचा ब्रेक ज्या झाकणात असतो ते झाकण चाकाबरोबर गरगर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी त्याला धरून ठेवते. तो टॉर्क रॉड. त्याच्या नटातून एक पिन आरपार जाते, तारेची, करंगळीएवढी. नट ढिला झालाच तरी पिन त्याला पडू देत नाही. आणि पट्टी सुटली तर ब्रेक दाबल्याबरोबर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं.

"कुठल्या टोकाची?" मी बसल्या बसल्या विचारलं. "चाकाकडची पंक्चरवाले काढतात, परत घालत नाहीत. नवी टाकू."

"चाकाकडची आहे. दुसऱ्या टोकाची नाही."

"तिकडे हिरवं आहे ना?"

"हिरवं आहे," ती म्हणाली. "पिन नाही."

बशीतला चहा तसाच ठेवून मी उठलो. ते टोक सहसा कुणी खोलत नाही. गुडघ्यावर बसलो, फडक्याने चिखल काढला. रेघ होती. अखंड, शेपटीसकट. नट घट्ट होता, मी पाना लावून बघितला. आणि पिनच्या जागी काहीच नव्हतं. मी म्हटलं, पडली असेल कधीतरी. मेकॅनिकने काढली असेल. मोठ्याने म्हटलं, तिला ऐकू जाईल असं.

पोरीने केसातली पिन काढली आणि तिचं टोक त्या भोकात घातलं. ते आत जाईना. तिने जरा जोर लावला तसा आतून कपचा बाहेर आला आणि तिच्या तळहातावर पडला. वाळलेला रंग. हिरवा.

भोकात पिन असती तर रंग आत गेला नसता. म्हणजे रंग मारला तेव्हा भोक रिकामं होतं. म्हणजे ती पिन कधी पडलीच नाही, कारण ती कधी घातलीच नव्हती. आणि रिकाम्या भोकावरून कुणीतरी झोकात रेघ ओढून, शेवटी शेपटी काढून, गाडी पुढे ढकलली होती.

माझे कान गरम झाले. मी आरसी मागून घेतली, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते बघितलं. काहीतरी कारण सापडेल असं वाटत होतं. घरात कुणी आजारी होतं का? लागोपाठ ओव्हरटाइम चालला होता का? कुणाशी भांडण झालं होतं? खूप आठवून बघितलं. काहीच नव्हतं. साधा महिना होता तो, साधा दिवस असणार. डबा खाल्ला असेल, कुणाची तरी टिंगल केली असेल, दीड मिनिट झालं असेल.

मालकाला वाटलं मी भाव पाडतोय. "आवं भाऊ, येका पिनीवरनं काय येवढं? सात वर्सं कायबी झालं न्हाई. दूध न्हेलं, चारा न्हेला. हिला सातवा म्हैना व्हता तवा दवाखान्यात ह्याच गाडीवं न्हेली." त्याची बायको दारात उभी होती. तिच्या पदराआडून एक लहान मुलगी माझ्याकडे बघत होती.

गप्प बसता आलं असतं. पोरगी बोलली नसती, तिचा स्वभाव मला माहीत आहे. एक पिन टाकायची, गाडी घ्यायची, विषय संपला. पण ती तळहातावरचा कपचा तसाच धरून माझ्याकडे बघत होती.

"पिन पडलेली नाही," मी म्हणालो. "ती घातलीच नव्हती. आणि बघणारा मी होतो. ही रेघ माझी."

त्याला आधी समजेना. मी परत सांगितलं, पट्टी सुटली तर काय होतं तेही सांगितलं. त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने गाडीकडे बघितलं, मग बायकोकडे, मग पदराआडच्या मुलीकडे.

"हिला घिऊन मी घाट उतरलोय ह्या गाडीवं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी तवा काय बगत व्हता, भाऊ?"

बावीस वर्षं मी हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आलो होतो.

त्याची बायको गोठ्याकडे गेली आणि साडीगार्डावरचा वेल एकेक तणावा करून सोडवायला लागली.

गाडी आम्ही घेतली. भाव केला नाही, तोंडच नव्हतं. "हीच घेऊ," असं पोरगीच म्हणाली. "हिच्यात काय नाही ते आता आपल्याला माहीत आहे." बाजारातल्या दुकानातून मी मूठभर पिना आणल्या. एक घालायला घेतली. पोरीने ती माझ्याकडून घेतली, भोकातून आरपार घातली, पकडीने तिचे दोन्ही पाय वाकवले. सवयीने माझा हात खिशाकडे गेला. खिशात अजूनही मी हिरवा मार्कर बाळगतो, सांगायला लाज वाटते.

"नको," ती म्हणाली. "रंग नको."

परत येताना ती चालवत होती, मी मागे. चाकणच्या पुढे कंटेनरची रांग लागली. मला सारखं खाली वाकून चाक बघावंसं वाटत होतं. "पप्पा, हलू नका, तोल जातो," ती दोनदा ओरडली. डोक्यात एकच चालू होतं. ही एक सापडली. पण दीड मिनिटाला एक गाडी, आणि बावीस वर्षं.

लाइनवर ज्या जोडीदाराला झापलं होतं त्याला रविवारी फोन लावला. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून तो घाबरलाच, "काय झालं, सगळं ठीक ना?" मी म्हणालो, ठीक आहे, सहज केला. तब्येत विचारली आणि ठेवून दिला.

सोमवारी पावणेसहाला पोरगी निघाली. मी पाचपासून खाली होतो. टायर, चेन, ब्रेक, दिवा, पिन, सगळं दोनदा हाताने बघितलं. ती हेल्मेट घालून आली, डबा अडकवला. जुन्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "हिरवं."

ती बसता बसता थांबली. सॅक गाडीवर ठेवली, खाली वाकली, मागे हात घालून पिनांवर बोट फिरवलं. दोन्ही टोकांच्या. मग माझ्याकडे न बघता गाडी चालू केली आणि बोळाच्या तोंडाशी एकदा हात वर केला. मला लागलं. आणि त्याच वेळी गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा जरा धीरही आला. आता ती रोज असंच करते. माझ्या शब्दावर गाडी काढत नाही.

मला मात्र एक नवीन खोड लागली आहे. नाशिक फाट्याला सिग्नलला उभा असलो आणि शेजारी आमच्या कंपनीची जुनी गाडी आली की मी खाली वाकतो. लोक चमकून बघतात. परवा एक जण होता, पुढे टाकीवर बारका मुलगा, मागे बायको. मी वाकलो. पट्टीच्या टोकाला चिखलातून हिरवं दिसलं.

"काय बघताय काका?" तो म्हणाला.

"पिन," मी म्हणालो. "एक मिनिट थांब. हात घालून बघू दे."

तो बायकोकडे बघून हसला. तेवढ्यात सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि तो गेला. पिन होती का नव्हती, मला दिसलं नाही.